इंग्रजी शब्द अडला की पानाच्या मधोमध रेघ मारा: इकडचं आणि तिकडचं

संत्र्याच्या मोसमात एकदा काटोलकडची एक पोट्टी क्लासला पिशवीभर संत्री घेऊन आली, घरचीच बाग आहे त्यांची, आणि सगळ्यांना वाटता वाटता तिने विचारलं, "ताई, ऑरेंजच्या आधी अ‍ॅन येते हे मले पाठ आहे, पण काहून येते ते आतापर्यंत कोणी सांगितलंच नाही." मी नागपुरात नंदनवनला घरीच संध्याकाळची बॅच घेते, दहा-बारा जण असतात, कोणी एमपीएससीवाले, कोणी मिहानमध्ये नोकरी शोधून राहिलेले, एक काकू आहेत त्यांना फक्त अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचं आहे. त्या दिवशी ठरवलेला धडा तसाच राहिला आणि पूर्ण तास त्या एका संत्र्यावर गेला. तेव्हापासून मी शिकवायची पद्धतच बदलली, तीच इथे लिहून राहिली आहे, ज्याला जमेल त्याने वापरा.

पहिले तिच्या प्रश्नाचं उत्तर. अ लावायचं की अ‍ॅन हे स्पेलिंग ठरवत नाही, आवाज ठरवतो. शाळेत आपल्याला ए-ई-आय-ओ-यू पाठ करायला लावतात आणि मग पोरं 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' लिहितात, कारण पहिलं अक्षर यू आहे. पण तोंडातून काय निघतं? 'यु', म्हणजे य, आणि य व्यंजन आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युरोपियन'. उलट 'अवर', म्हणजे तास, त्याच्या स्पेलिंगमध्ये पहिले एच आहे पण तो बोलायचाच नाही, म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'अ‍ॅन एमबीए' पण बरोबर, कारण एम म्हणताना आधी ए निघतो. कानाने ठरवायचं, डोळे बंद करून शब्द एकदा मोठ्याने म्हणायचा, बस.

आता त्या संत्र्याची खरी गोष्ट. आपण नारंगी म्हणतो ना, संस्कृतात ते नारंग, हाच शब्द फळाबरोबर पश्चिमेला निघाला. फारसीत नारंग, अरबीत नारंज, आणि स्पॅनिशमध्ये आजही सुरुवातीचा न शाबूत आहे. इटलीकडे मात्र 'एक नारंगी' अशा अर्थाने 'उना नारांचा' म्हणता म्हणता मागच्या शब्दाचा न आणि पुढच्या शब्दाचा न एकमेकांत मिसळले आणि शिल्लक राहिलं 'अरांचा'. फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचेपर्यंत न पार गळून गेला होता आणि इंग्रजांच्या हाती आला तो 'ऑरेंज'. म्हणून अ‍ॅन. रंगाला ऑरेंज म्हणणं तर नंतरचं, पहिले फळ आलं आणि मग त्याच्यावरून रंगाला नाव पडलं, आपल्याकडे नारंगी रंग म्हणतात तसंच.

हा न पळवायचा प्रकार इंग्रजीने स्वतःपण केला आहे. डेंटलची पोरं जो एप्रन घालतात तो मध्ययुगातल्या इंग्रजीत 'नेप्रन' होता, 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'अ‍ॅन एप्रन' झाला, आणि त्याचाच भाऊबंद नॅपकिन, त्याने न सोडला नाही. जामठ्याला मॅच पाहायला जाता तेव्हा जो अंपायर दिसतो तो पण आधी 'नंपायर'सारखाच काहीतरी होता, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जोडीत नसलेला, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा माणूस. आणि 'निकनेम'मध्ये बरोबर उलटं झालं, तो होता 'अ‍ॅन ईकनेम', ईक म्हणजे आणखी, आणखी एक नाव, आणि अ‍ॅनचा न उडी मारून पुढच्या शब्दात जाऊन बसला. हे एकदा ऐकलं की विसरायला होत नाही. त्या बॅचमधला एकही जण नंतर अ-अ‍ॅनमध्ये चुकला नाही, आणि मी तेच नियम आधी चार चार वेळा लिहायला लावले होते.

तर पद्धत अशी. एक शंभर पानी वही घ्या, मोबाइलमध्ये नको, हाताने लिहिलेलं डोक्यात राहते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे वर लिहा 'इकडचं', उजवीकडे 'तिकडचं'. कुठेही इंग्रजीत अडलात, कोणी चूक दाखवली, किंवा एखादा शब्द विचित्र वाटला तर ते वाक्य जसं तोंडातून निघालं तसंच्या तसं लिहून काढा, सुधारून नका लिहू. मग तेच वाक्य आपण घरी जसं मराठीत बोलतो तसं मोठ्याने म्हणा. इंग्रजी वाक्याचा सांगाडा आणि मराठी वाक्याचा सांगाडा जुळला तर समजून घ्या की आपली मराठी तिथे बोलून राहिली आहे, ते डाव्या बाजूला. जुळला नाही, आणि शब्दच वाकडा आहे, स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा, अनेकवचन भलतंच, तर त्याचं कारण शब्दाच्या जुन्या इतिहासात आहे, ते उजव्या बाजूला, आणि तिथे त्या शब्दाचं गाव शोधून लिहायचं. गाव कुठे सापडते? चांगल्या डिक्शनरीत अर्थ संपले की खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, शब्द कुठून आला त्याची, आपण ती कधी वाचतच नाही. तीच ओळ वाचायची.

डाव्या बाजूने सुरुवात करा कारण तिथे लवकर फायदा होतो. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त येणारी चूक म्हणजे 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टू इयर्स'. मराठीत म्हणून पाहा: मी दोन वर्षांपासून नागपूरला राहते. आणि दुसरं: मी २०१९ पासून नागपूरला राहते. दोन्हीकडे 'पासून'. आपल्या एका 'पासून'चे इंग्रजीत दोन तुकडे आहेत, सिन्स आणि फॉर, आणि कोणता कुठे हे पाठ करायची गरज नाही, आपल्याच भाषेत तपासता येते. 'पासून' काढा आणि 'झाले' लावा. 'दोन वर्षं झाले' बरोबर वाटते, मग फॉर. '२०१९ झाले' कोणी म्हणत नाही, मग सिन्स. तसंच 'सोमवार झाले' नाही म्हणत, सिन्स. 'तीन तास झाले' म्हणतो, फॉर. आणि क्रियापद दोन्हीकडे 'हॅव बीन लिव्हिंग', कारण इंग्रजीला तेव्हापासून आतापर्यंत हा पूर्ण पट्टा क्रियापदातच दाखवायचा असतो.

दुसरी मोठी गोष्ट आयएनजीची, आणि इथे नागपूरच्या माणसाला जरा जास्तच काळजी घ्यावी लागते कारण आपण दिवसभर 'करून राहिलो, जाऊन राहिलो, काय करून राहिला बे' असंच बोलतो. आपल्या जिभेला चालू काळाची सवय आहे, चांगलीच गोष्ट आहे, 'आय अ‍ॅम गोइंग' आपल्याला पुण्याच्या माणसापेक्षा लवकर जमतं असं मला तरी वाटते. पण मग तीच सवय 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम नॉट नोइंग', 'आय अ‍ॅम वॉन्टिंग'पर्यंत जाते. पुस्तकात याला स्टेटिव्ह क्रियापदं म्हणतात आणि लांबलचक यादी देतात. मी यादी देतच नाही. मी सांगते की मराठी वाक्य 'मी'ने सुरू होते की 'मला'ने ते पाहा. मला माहीत आहे, मला पाहिजे, मला आवडते, मला समजते, मला दिसते, मला वाटते, मला दोन भाऊ आहेत. यातल्या एकालाही इंग्रजीत आयएनजी लागत नाही: आय नो, आय वॉन्ट, आय लाइक, आय अंडरस्टँड, आय सी, आय थिंक, आय हॅव. आणि मी जाते, मी लिहिते, मी स्वयंपाक करते, यांना लागते. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' चालते का? चालते, कारण मराठीत ते 'मी जेवून राहिली' आहे, 'मला जेवण आहे' नाही. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला बॅचच्या ग्रुपवर टाकलं. शंभर टक्के नाही चालत ही कसोटी, 'मी त्याला ओळखते'मध्ये मी आहे तरी इंग्रजीत 'आय नो हिम'च, आणि 'मला समजून राहिलं' असं आपण बिनधास्त म्हणतो, म्हणून 'राहिलं'वर नका जाऊ, मी-मलावर जा. अपवाद सापडला की वहीत वेगळा लिहून ठेवा.

मोजायच्या नामांचं पण असंच आहे, कुठे मराठी मदत करते आणि कुठे दगा देते ते पाहायचं. माहितीचं अनेकवचन आपण करत नाही, 'माहित्या' कोण म्हणते, मग इन्फर्मेशनला पण एस नाही, सोपं. सामानाचं पण नाही, म्हणून लगेज. पण सल्ल्याचे सल्ले होतात, बातमीच्या बातम्या होतात, आणि तिथेच 'अ‍ॅडव्हाइसेस' निघतं तोंडातून, आणि 'न्यूज आर' निघतं, जेव्हा की न्यूज दिसायला अनेकवचन आणि वागायला एकवचन, 'न्यूज इज'. केस तर आपल्याकडे नेहमीच बहुवचन, 'माझे केस गळून राहिले', म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग', पण डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून इंग्रजीत एकच हेअर, 'माय हेअर इज'. आणि आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक, तिकडे मात्र तिन्ही अनेकवचनी, कारण त्यांना त्या वस्तूत दोन पाती, दोन काचा, दोन पाय दिसतात. 'वन ऑफ माय फ्रेंड' पण इथलंच, 'माझा एक मित्र' यात मित्र एकच आहे म्हणून, पण इंग्रजी वाक्याचा अर्थ 'माझ्या मित्रांपैकी एक' असा आहे, त्यात 'मित्रां' बसलेले आहेत, म्हणून फ्रेंड्स.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. 'बंद कर' हे आपण दाराला, पंख्याला, फोनला सगळ्याला म्हणतो, इंग्रजीत दार क्लोज होते पण पंखा स्विच ऑफ किंवा टर्न ऑफ. 'त्याबद्दल चर्चा करू' मधला 'बद्दल' डिस्कसच्या पोटातच आहे, वेगळा अबाउट नको. 'आत्ताच आला' मधल्या 'च'साठी 'नाऊ ओन्ली' नाही, 'जस्ट नाऊ'. 'आज सकाळी' म्हणजे 'धिस मॉर्निंग', 'टुडे मॉर्निंग' नाही, पण 'टुमॉरो मॉर्निंग' आणि 'यस्टरडे मॉर्निंग' मात्र चालते, आणि काल रात्री म्हणजे 'लास्ट नाइट', हे असंच आहे, सवयीने येते. आणि मोर भवन कुठे आहे हे विचारताना 'कॅन यू टेल मी व्हेअर इज मोर भवन' नाही, 'व्हेअर मोर भवन इज'. मराठीत 'मोर भवन कुठे आहे' हे थेट विचारलं काय आणि 'सांगाल का' जोडून विचारलं काय, शब्द जागा बदलत नाहीत, इंग्रजीत बदलतात.

आता उजवी बाजू, आणि ही मला मनापासून आवडते. पोरं विचारतात की रिसीटमध्ये पी काहून आहे जर बोलायचा नाही तर. त्याचं कारण माणसं आहेत. फ्रान्सकडून हा शब्द आला तेव्हा त्यात पी नव्हता, नंतर लॅटिन शिकलेल्या लोकांना वाटलं की मूळ लॅटिन शब्दात पी आहे तर लिहिताना दिसला पाहिजे, म्हणून त्यांनी तो घातला, पण बोलणाऱ्यांनी काही तो उच्चारला नाही. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी तसाच घातलेला, डाउटमधला बी तसाच. आणि आयलंडमध्ये तर चक्क चूक झाली, त्याचा लॅटिनशी संबंधच नव्हता, तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, पण लॅटिनमधून आलेल्या 'आइल'सारखा दिसला म्हणून त्याच्यातही एस टाकून दिला. नाइफ आणि नीमधला के मात्र घातलेला नाही, तो खरंच बोलत होते एके काळी, जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, छपाईमुळे हळूहळू स्पेलिंगं पक्की होत गेली, पण लोकांचे उच्चार त्याच काळात बदलत होते, दीर्घ स्वर तर सगळेच्या सगळे सरकले, आणि म्हणून आज आपण लिहितो जुन्या माणसासारखं आणि बोलतो नव्या माणसासारखं. पोरांना हे सांगितलं की ती स्पेलिंगवर चिडत नाहीत, मग पाठांतर पण होते.

अनेकवचनाचा एक किस्सा तर आपल्या घरचाच आहे. गूजचं गीस होते, फूटचं फीट, टूथचं टीथ, कारण फार फार जुन्या काळी यांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ'सारखा आवाज लागत होता, तो म्हणायच्या तयारीत जीभ आधीच पुढे यायची आणि मधला स्वर बदलायचा, पुढे तो शेवटचा आवाज गळाला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला. मग एका पोट्ट्याने विचारलं, मंगूजचं मंगीस काहून नाही होत? कारण मंगूज म्हणजे आपला मुंगूस. मराठीतूनच गेलेला शब्द आहे तो, गूजशी त्याचं काही नातं नाही, तो इंग्रजीत पोचला तेव्हा ती स्वर बदलायची पद्धत केव्हाच संपली होती, म्हणून त्याला साधा एस लागला, मंगूजेस. म्हणजे शब्दाचं गाव माहीत असलं की अनेकवचनपण आपोआप कळते. क्लासमध्ये त्या दिवशी सगळे असे खूश झाले की जणू काही मुंगूस त्यांनीच निर्यात केला. खाटेवरून कॉट, चिठ्ठीवरून चिट, ठगावरून थग, लुटीवरून लूट, चांपण्यावरून शाम्पू, अशी यादी मग पोरांनी स्वतःच वाढवली.

कन्फ्युज करणाऱ्या जोड्यांना पण हेच. स्टेशनरी, एकात ए आणि एकात ई, कोणती वही-पेनवाली? जुन्या काळी युरोपात बहुतेक विक्रेते फिरते, आणि जो एका जागी दुकान मांडून बसायचा, जास्त करून विद्यापीठाजवळ पुस्तकं विकणारा, त्याला म्हणायचे स्टेशनर, जागेवर स्थिर बसलेला. बर्डीवर रस्त्यावर फिरून विकणारे आणि पक्क्या दुकानातले असे दोन प्रकार आजही दिसतात ना, अगदी तेच. त्या स्टेशनरचा माल ती स्टेशनरी, बेकरची बेकरी तशी, दोन्हीकडे ईआर आणि मग वाय. म्हणून वही-पेनवालीत ई. नुसतं स्थिर, न हलणारं, ते ए वालं. आणि याचं मूळ, स्टेशनचं मूळ आणि संस्कृत 'स्था' हे सगळे एकाच आजीची नातवंडं आहेत, त्यामुळे पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणं म्हणतो तेव्हा दोन्हीकडे मुळात तोच शब्द आहे, कारण ठाणं हे स्थानावरून आलं.

लूज आणि लूजचा गोंधळ पाहा, मी मुद्दाम दोन्ही सारखंच लिहिलं कारण मराठीत आपण सारखंच म्हणतो. पॅकबंद नसलेलं तेल आपण 'लूज' मागतो, पँट 'लूज' झाली म्हणतो, आणि इंग्रजीत तिथे शेवटी स्वच्छ 'स' आहे, लूस, डबल ओ. हरणं, गमावणं, त्याचा शेवट 'झ', लूझ, एकच ओ. म्हणजे आपण उसना घेतलेला शब्दच आपल्याला फसवून राहिला. याला जोडून एक पूर्ण कुटुंबच आहे, ते एका पानावर लिहून टाका: अ‍ॅडव्हाइसचा शेवट 'स' असला तर ती वस्तू आहे, सल्ला, आणि 'झ' असला तर काम, सल्ला देणं. यूस आणि यूझ, हाउस आणि हाउझ, एक्सक्यूस आणि एक्सक्यूझ, सगळीकडे नाम 'स' आणि क्रियापद 'झ'. बिलीफ-बिलीव्ह, हाफ-हाव्ह, तिथे फ आणि व्ह, तोच हिशोब. रेकॉर्ड, परमिट, इन्क्रीजमध्ये शेवटचा आवाज बदलत नाही पण जोर बदलतो, नामाला जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापदाला दुसऱ्यावर. इट्सचं मी वेगळं पान करत नाही, वरचा टिंबासारखा स्वल्पविराम असेल तर तो 'इट इज' किंवा 'इट हॅज'चा जोडलेला शब्द, उलगडून वाचा, वाक्य जमलं तर ठेवा, नाही जमलं तर काढा.

एक प्रकार मात्र रेघेच्या कोणत्याच बाजूला बसत नाही आणि त्याने माझं नुकसान केलेलं आहे. क्लास सुरू करायच्या आधी मी एका ऑफिसमध्ये बाहेरदेशच्या क्लायंटच्या फायली तपासायचं काम करत होती. दोन दिवस बसून एक मोठी शीट दुरुस्त केली, पाठवली आणि मेलमध्ये लिहिलं 'प्लीज रिव्हर्ट'. माझ्या मनात होतं की उत्तर द्या. तिकडच्या बाईंना रिव्हर्टचा एकच अर्थ माहीत होता, पूर्वी होतं तसं करा, आणि त्यांनी प्रामाणिकपणे फाइल जुन्या स्थितीत नेऊन ठेवली. माझं सगळं काम गेलं आणि ते परत करावं लागलं. त्यांची काहीच चूक नव्हती, आणि भारतातल्या माणसाला लिहिलं असतं तर माझीपण नव्हती. म्हणून अशा शब्दांना मी 'घरगुती' म्हणते आणि त्यांच्यावर गोल करते. प्रीपोन, कझिन ब्रदर, आउट ऑफ स्टेशन, डू द नीडफुल, आय पास्ड आउट इन २०१५. हे चूक आहेत असं मी अजिबात नाही म्हणत, प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, भारतीय इंग्रजी म्हणून, आणि पोस्टपोन असू शकते तर प्रीपोन का नको. कझिन ब्रदर पण आपल्याला लागतो कारण आपल्याकडे मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ सगळे शेवटी भाऊच असतात. आउट ऑफ स्टेशनमधलं स्टेशन म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांची नेमणुकीची जागा, हिल स्टेशनमधलं तेच. पण समोरचा कोण आहे ते पाहून वापरा. बाहेरच्या माणसाला 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडलो असंच ऐकू येते, लष्करातल्या कॅडेटचा पासिंग आउट परेड सोडला तर, त्याला सांगायचं 'आय ग्रॅज्युएटेड'. प्रीपोनऐवजी 'मूव्ह इट अप', रिव्हर्टऐवजी साधं 'रिप्लाय'. गोल केलेल्या प्रत्येक शब्दासमोर बाहेरचा शब्द लिहून ठेवा, दोन्ही आले पाहिजेत.

शेवटी स्लँग आणि शब्दांच्या गोष्टी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याचा पूर आहे आणि मला त्याचा खरंच त्रास होते, पोरं खोट्या गोष्टी पाठ करून इंटरव्ह्यूत सांगतात. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, हे तर आपल्यापैकी अनेकांना शाळेतच ऐकायला मिळालं. ते खोटं आहे, न्यूज म्हणजे न्यूचं अनेकवचन, नव्या गोष्टी, फ्रेंचमध्येही बातम्यांचा शब्द तसाच बनला आहे. कॉप म्हणजे 'कॉन्स्टेबल ऑन पट्रोल' नाही, कॉप हे जुनं क्रियापद आहे, पकडणं. गोल्फ म्हणजे 'जंटलमन ओन्ली' वगैरे पण बनावट. आणि ती हॅलोची गोष्ट, की ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं म्हणून तो फोनवर हॅलो म्हणाला. बेलचं लग्न १८७७ मध्ये मेबल हबार्डशी झालं, आणि फोन उचलल्यावर त्याला स्वतःला 'अहॉय' म्हणायला आवडायचं, हॅलो सुचवला तो एडिसनने, त्याच वर्षी.

ओळखायची सोपी खूण अशी की शब्द जुना असेल आणि कोणी त्याच्या प्रत्येक अक्षराचा वेगळा शब्द करून दाखवत असेल तर नव्वद टक्के ती गोष्ट नंतर रचलेली असते. आद्याक्षरं जोडून बोलायचा शब्द बनवायची पद्धत जोरात आली ती विसाव्या शतकात, रडार, लेझर हे त्यातले. जुन्यांमधला मोठा अपवाद ओके. १८३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं लिहायची फॅशन होती, 'ऑल करेक्ट'चं 'ऑल' ओ पासून आणि 'करेक्ट' के पासून, आणि २३ मार्चच्या अंकात ते छापून आलं. पुढच्या वर्षीच्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार व्हॅन ब्युरेन यांचं टोपणनाव ओल्ड किंडरहूक, त्याची आद्याक्षरंही ओके, म्हणून तो शब्द देशभर गेला. हे टिकलं कारण छापील पुरावा आणि तारीख आहे. म्हणून स्लँगच्या प्रत्येक गोष्टीला हे दोनच प्रश्न विचारा, पहिल्यांदा कुठे छापलं आणि केव्हा. 'गाय', म्हणजे 'धिस गाय, दॅट गाय', हा १६०५ मध्ये लंडनची पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सवरून आला, त्याचे पुतळे जाळायचे, पुतळ्याला गाय, मग विचित्र कपडेवाल्याला गाय, अमेरिकेत जाऊन कोणत्याही माणसाला गाय. आजकालचं 'रिझ', जे ऑक्सफर्डने २०२३ चा वर्षाचा शब्द निवडलं, ते करिझ्माच्या मधला तुकडा तोडून बनलं, आणि पोरांना ते नवीन वाटते पण फ्लू आणि फ्रिज पण असेच मधून तोडलेले आहेत. हे शब्द ग्रुपवर वापरा, अर्जात आणि मेलमध्ये नका वापरू, आणि ज्याचा अर्थ ऐकून कळला नाही तो तर कुठेच नका वापरू.

नमुन्यासाठी माझ्या वहीतलं एक पान सांगते. वर शब्द: स्टेपनी. डाव्या बाजूला: आपण गाडीच्या जादा चाकाला म्हणतो, मेकॅनिक म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. उजव्या बाजूला: वेल्समधल्या लानेथ्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथे १९०४ मध्ये डेव्हिस भावांनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, तेव्हाच्या मोटारींना जादा चाक येतच नव्हतं, चाकावर कंपनीचं नाव स्टेपनी. इंग्लंडात आता सांगितलं तर बहुतेकांना कळत नाही. शब्दाभोवती गोल, समोर बाहेरचा शब्द, स्पेअर व्हील. खाली माझं स्वतःचं वाक्य: 'वी हॅड नो स्पेअर व्हील, सो वी वेटेड निअर बुटीबोरी फॉर टू अवर्स.' फॉरच्या खाली रेघ मारलेली आहे, दोन तास झाले.